लोणच्याची बरणी : प्रकल्प नोंदी

१० जानेवारी २०२५

कारखान्यात चौतीस वर्षं शिफ्टचं लॉगबुक लिहिलं, त्यामुळे काम हातात घेतलं की आधी वही उघडायची. काम असं : आईची लोणच्याची बरणी फुटली आहे, तशीच दुसरी स्वतः करायची. मुदत कैऱ्या येईपर्यंत.

फुटली मागच्या ऑगस्टच्या पुरात. विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यातल्या आमच्या कारेलीबागेत शिरून ओट्याला लागलं, खालच्या फडताळातलं सामान घाईघाईने माळ्यावर चढवत होतो, तेव्हा हातातून निसटली. म्हणजे पुराने नव्हे, मीच फोडली. आई तेव्हा काही बोलली नाही. आठवड्याने म्हणाली, "दांडिया बाजारच्या घरातून इथवर आली होती ती." बाजारातून दोन नव्या आणल्या. आईने टिचकी मारून पाहिली, झाकण फिरवून पाहिलं आणि दोन्ही परत करायला लावल्या.

तुकडे मी टाकले नव्हते. आज त्यातला मोठा तुकडा धुऊन खिडकीपाशी नेला. वरचा खांदा तपकिरी, खालचं पोट मळक्या पांढऱ्या रंगाचं. जिथे दोन्ही रंग भेटतात तिथे तपकिरी किंचित ओघळलाय. फुटलेली कड राखाडी, दाट, बारीक काळे ठिपके असलेली. आतून चकचकीत, पण बोट फिरवलं की कुणाच्या तरी बोटांचे आडवे वळ लागतात. म्हणजे चाकावर उचललेली, साच्यातली नाही. भिंत ९ मिलिमीटर. तळाची कड कोरी, बिनझिलईची. शिक्का होता, पण घासून घासून नुसता खड्डा उरलाय.

१४ जानेवारी

संक्रांत. इथे म्हणायचं उत्तरायण, आणि सकाळी सातपासून गच्चीवर पतंग काटल्याचा "काप्यो छे"चा गजर. मराठी घरांना मात्र आधी सुगडं लागतात. आमचे नेहमीचे कुंभारकाका फतेपुऱ्याच्या बाजूचे. संक्रांतीच्या आठवड्यात ते सुगडं वेगळी काढून ठेवतात, मराठी बायका आल्या की न विचारता पाच मोजून देतात. त्यांना विचारलं, लोणच्याची बरणी कराल का? काका हसले. "बेन-भाईओ सगळे विचारतात. माटलामां अथाणुं ना नखाय." म्हणजे माठात लोणचं घालत नाहीत. का नाही, ते सांगायला त्यांना सवड नव्हती, पुढे सात गिऱ्हाइकं उभी होती.

हरभरे, बोरं, उसाची पेरं भरून वाण झालं. एक सुगड जास्तीचं आलं होतं. ते मी मागून घेतलं, त्यात पाव लिटर पाण्यात चार मोठे चमचे मीठ विरघळवून ओतलं आणि मागच्या ओट्यावर ठेवलं. सौभाग्यवतीचं म्हणणं, सुगडाचं असं काही करतात का. प्रयोग क्रमांक १.

१९ जानेवारी

बरणीचा तुकडा आणि एका जुन्या सुगडाची खापरी दोन्ही वाळवून तोलल्या. मग दोन तास पाण्यात उकळल्या, रात्रभर त्याच पाण्यात ठेवल्या, सकाळी पुसून पुन्हा तोलल्या.

बरणी : १८४ ग्रॅम, नंतर १८६. सुमारे एक टक्का.
सुगड : ९६ ग्रॅम, नंतर १११. साडेपंधरा टक्क्यांच्या वर.

स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमचाच, त्यामुळे बरणीचा आकडा फार मनावर घेऊ नये. पण फरक काट्याच्या चुकीचा नाही. सुगडाच्या भिंतीत वजनाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकं पाणी मावतं, म्हणजे भिंत कसली, ती चाळणी.

२७ जानेवारी

प्रयोग १ चा निकाल. सुगडातलं पाणी निम्म्याखाली गेलंय. बाहेरून खालच्या अर्ध्या भागावर पांढरी लव उगवली आहे, कापसासारखी. नखाने खरवडली तर तिच्याबरोबर मातीचा पापुद्राही सुटून आला. मिठाचं पाणी भिंतीतून झिरपतं, बाहेर सुकतं, मिठाचे खडे भोकांच्या आतच वाढतात आणि मातीला आतून फोडतात. जुन्या वाड्यांच्या भिंतींना लोणा लागतो तो हाच प्रकार. लोणच्यात तर मिठाबरोबर तेलही असतं. तेल झिरपून बाहेर आलं की खवट होणार, मुंग्या येणार त्या वेगळ्याच.

काकांचं बरोबर होतं. आता का ते कळलं.

२ फेब्रुवारी

मातीची भांडी शिकवणाऱ्या स्टुडिओत नाव घातलं. रविवार आणि बुधवार. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, बाकी विद्यार्थिनी त्याहून लहान. मला सगळ्या अंकल म्हणतात.

आज फक्त माती मळणं आणि मध्यावर आणणं. मळणं कणकेसारखं दिसतं, पण उलटं आहे. कणकेत थोडी हवा राहिली तरी चालते. इथे आतली हवा काढायची आणि माती सगळीकडे सारखी करायची. मध्यावर आणणं काही जमलं नाही. गोळा फिरतो आणि मी त्याच्यामागे फिरतो. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही मातीला पकडताय. हात स्थिर ठेवा, माती स्वतः येईल." कोपर मांडीवर टेकवून दोन तास बसलो. घरी येताना पाठ वाकडी.

१६ फेब्रुवारी

कमाटीबागेतल्या संग्रहालयात सकाळ घालवली. सयाजीरावांनी उभारलेली ही इमारत १८९४ची, आणि लहानपणी आम्ही इथे फक्त ममी आणि देवमाशाचा सांगाडा बघायला यायचो. चिनी-जपानी भांड्यांच्या कपाटांपुढे कधी थांबलो नव्हतो. आज तिथेच थांबलो.

चिनीमाती नावातच चीन आहे. तिकडच्या कुंभारांना दोन गोष्टी एकत्र मिळाल्या : उंच तापमानाला न बसणारी पांढरी माती आणि बाराशे-तेराशे अंशांपर्यंत जाणाऱ्या भट्ट्या. त्या पांढऱ्या मातीचं केओलिन हे नावही जिंगदेजनजवळच्या गावलिंग टेकडीवरून आलं. मातीत फेल्स्पार हे खनिज असलं की तेवढ्या उष्णतेला ते वितळून काचेसारखं होतं आणि कणांमधली भोकं भरून काढतं. भांडं उभंच राहतं, पण त्याच्या आत काच झालेली असते. युरोपला हे गुपित शेकडो वर्षं उकललं नाही. शेवटी सॅक्सनीच्या राज्यकर्त्याने सोनं बनवण्यासाठी डांबून ठेवलेल्या बोटगर नावाच्या किमयागाराच्या हाती ते १७०८च्या सुमाराला लागलं आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. सोनं काही झालं नाही. राजाला वाईट वाटलं नसावं.

आमची बरणी मात्र पोर्सेलिन, म्हणजे ती पांढरी चिनीमाती, नाही. ती स्टोनवेअर, त्याच घराण्यातली जाड्याभरड्या अंगाची चुलत बहीण. जर्मनीत ऱ्हाइनच्या काठावर अशी भांडी करायचे आणि भट्टी ऐन तापात असताना तिच्यात मूठमूठ मीठ टाकायचे. मिठातला सोडियम वाफ होऊन मातीतल्या सिलिकाशी जोडला जातो आणि भांड्यावर काचेचा पातळ थर बसतो. धुराड्यातून मात्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो, त्यामुळे शहरात असल्या भट्ट्या नकोशा झाल्या. एकोणिसाव्या शतकात ब्रिस्टलच्या कुंभारांनी फेल्स्पारची झिलई काढली, आणि खाली फिकी, वर तपकिरी अशी दुरंगी भांडी तिकडून सगळीकडे गेली. आपल्या आजीच्या फडताळातली बरणी त्या वंशातली.

एक गोष्ट आईला सांगणार नाही. गटारांचे जुने तपकिरी पाइप याच मातीचे, याच मिठाच्या झिलईचे. आम्ही कारखान्यात आम्लाच्या नाल्यांना तेच वापरायचो. जे आम्लाला दाद देत नाही ते कैरीला काय देणार!

१९ फेब्रुवारी

बुधवारचा वर्ग. मध्यावर आणणं जमलं. तीन वाडगे, तिघांचेही काठ तिरके.

मॅडमनी गोष्टी सांगितल्या. बडोद्यात हे स्टुडिओतलं काम रुजलं ते विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधून, आणि त्यात ज्योत्स्ना भट्ट यांचा वाटा मोठा. कच्छच्या, इथे शंखो चौधरींकडे शिल्प शिकल्या, मग न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला जाऊन सिरॅमिक. १९७२ पासून तीस वर्षं इथे शिकवलं. २०२० मध्ये गेल्या. त्यांच्या मांजरी प्रसिद्ध, पण मॅडमनी मला त्यांच्या झाकणाच्या भांड्यांचे फोटो दाखवले. झाकण उचलायची मूठ म्हणजे कळी किंवा पक्षी, आणि झाकण भांड्यावर असं बसलेलं की मधली रेघ शोधावी लागते. "काका, बरणी नंतर," मॅडम म्हणाल्या, "आधी दहा झाकणं करा." केली. दहातली आठ पुन्हा मळली.

२३ फेब्रुवारी

आकारमान. स्टुडिओतल्या मातीचं आकुंचन वाळून-भाजून मिळून १२ टक्के. मला हवी आतून १६ सेंमी व्यासाची, २० सेंमी उंचीची, म्हणजे चार लिटरची. ओली करताना व्यास १८.२, उंची २२.७. तिन्ही दिशांनी आकसत असल्यामुळे ओल्या भांड्यात जवळपास सहा लिटर मावायला हवेत तेव्हा भाजल्यावर चार उरतील. एक तृतीयांश बरणी हवेत जाते. हे ऐकून सौ. म्हणाल्या, पालेभाजीसारखंच की.

माती साडेचार किलो एका वेळी. माझ्या हाताला ती झेपत नाही. दोन भागांत करून जोडायचं ठरलं.

९ मार्च

बरणी १. खालचा भाग काल, वरचा आज, दोघांच्या कडा खरवडून चिखल लावून जोडल्या. उभी राहिली! ओली असताना तिच्यासारखं देखणं दुसरं काही नाही.

१६ मार्च

धुळवडीच्या सुट्टीनंतर स्टुडिओत आलो तर बरणी १च्या तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर. मॅडमनी पाहून लगेच सांगितलं : तळ दाबला नाही. भिंती उचलताना माती दाबली जाते, तिचे कण एकमेकांना बिलगतात. तळ तसाच सैल राहतो, वाळताना जास्त आकसतो आणि फाटतो. पाणीही तळाशी साचू दिलं होतं. दोष शंभर टक्के माझा.

माती पुन्हा भिजत टाकली. भाजेपर्यंत काही वाया जात नाही हा या धंद्यातला एकच दिलासा.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारून श्रीखंड-पुरी खाऊन स्टुडिओत जायचा विचार होता. झोप लागली.

२ एप्रिल

बरणी २ आणि ३, दोन्हींचे तळ लाकडी पट्टीने आतून दाबून घेतले. झाकणं त्याच दिवशी, त्याच मातीच्या गोळ्यातून केली. दोघांची माती वेगळी किंवा ओल वेगळी असली की आकुंचन वेगळं होतं आणि मग ना ते झाकण राहतं ना ती बरणी. बरणीच्या तोंडाला आतून पायरी ठेवली आहे, झाकण तिच्यावर बसेल. प्लास्टिकखाली सावकाश वाळतायत. उन्हाळा आहे, घाई केली तर काठ आधी वाळून चिरेल.

गुदामातून आणलेल्या एका नव्या गोणीवर आमच्याच मातीचं नाव होतं, आत भलतीच माती निघाली. दुकानदार म्हणतो, "साहेब, सारखीच असते." सारखी नसते. मी त्यातली एक चकती भाजून आकुंचन मोजलं, ९ टक्के आलं. गोणी परत.

१३ एप्रिल

कुंभारकाकांच्या अंगणात सकाळ. या वेळी त्यांना सवड होती, कारण मी भट्टी लावायच्या दिवशी गेलो आणि गोवऱ्या वाहून द्यायला हात लावला.

आधी माटलं, म्हणजे पाण्याचा माठ, कसं होतं ते पाहिलं. चाकावर होतं फक्त तोंड, गळा आणि जाडजूड पोट. ते थोडं सुकलं की काका मांडी घालून बसतात, डाव्या हातात आतून दगडासारखा गोटा धरतात आणि उजव्या हाताने बाहेरून लाकडी टपलो मारतात. टप टप टप, माटलं फिरत राहतं आणि भिंत पातळ होत फुगत जाते. तळाला जोड नाही, चीर नाही. मी विचारलं, तळ दाबता का? "टपल्याने काय करतोय मग?" म्हणाले. मला जे शिकायला फुटकी बरणी लागली ते या माणसाच्या हातात प्रत्येक ठोक्याला आहे.

आणि भोकं. मी भोळेपणाने समजत होतो की कमी तापमानाला भाजल्यामुळे माटलं पाझरतं, म्हणजे ती गरिबाची अडचण. काकांनी मातीचा ढीग दाखवला. त्यात चाळलेला लाकडाचा भुसा मुद्दाम मिसळलेला. भट्टीत तो जळून जातो आणि जागोजाग बारीक पोकळी राहते. रोटीची तावडी (मातीचा तवा) करायची तर भुसा नाही, वाळू. माटलं जितकं पाझरेल तितकं गार. हिशेब मी घरी येऊन केला : दहा लिटरच्या माटल्यातलं शंभर मिलिलिटर पाणी बाहेरून उडून गेलं तर ते सुमारे ५८ हजार कॅलरी घेऊन जातं, आणि बाहेरून ऊब आलीच नाही तर उरलेलं पाणी जवळपास सहा अंशांनी उतरतं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे छान चालतं. जुलैत हवाच ओली, मग माटलं नुसतं घामेजतं.

म्हणजे मी तीन महिने ज्या भोकांशी भांडतोय ती काका मोजून ठेवतात. "ना नखाय" मधला तो ठामपणा अडाणीपणाचा नव्हता, कारागिराचा होता. माझ्या मनात तेव्हा काय आलं होतं ते इथे लिहीत नाही.

निंभाडो, म्हणजे काकांची भट्टी, दुपारी पेटला. खाली गोवऱ्या आणि लाकूड, वर मडक्यांची चळत, तिच्यावर पुन्हा गोवऱ्या, खापऱ्या आणि राखेचा लेप. आत सातशे-आठशे अंशांपर्यंत जात असावं. हवा मिळाली की मातीतलं लोह लाल होतं, धूर कोंडला की तीच माती काळी.

निघताना एक डबाभर ओली माती मागितली. "शुं करशो?" म्हणाले. ठरलं नव्हतं.

२० एप्रिल

बरणी २ आणि ३ पहिल्या भाजणीतून बाहेर. ९८० अंश. शंभरच्या खाली दोन तास रेंगाळत, कारण कोरडी दिसणारी मातीही कोरडी नसते. ४५० ते ६०० या टप्प्यात मातीच्या रेणूंतलं पाणी निघतं, आणि ५७३ अंशांना क्वार्ट्झ आपली रचना बदलून एकदम फुगतो. तिथे जाताना सावकाश, परत येतानाही सावकाश. हा माझा प्रांत आहे. तापमान मोजणारं थर्मोकपल, आलेख, दर तासाला नोंद. पोरी पहिल्यांदाच माझ्याकडे शिकायला आल्या.

दोन्ही शाबूत. रंग फिका गुलाबी, जीभ लावली तर चिकटते.

काकांच्या मातीची एक लहान गोळी वाळवून त्याच भाजणीत ठेवली होती. विटेसारखी लाल, टणटणीत. आता तीच १२२० ला पाठवतोय, खाली जाड खापरी ठेवून.

३० एप्रिल

गोळी उरली नाही. खापरीवर तपकिरी, बुडबुड्यांची, चकचकीत पोळी पसरली आहे.

मी ती तासभर हातात घेऊन बसलो होतो. त्या मातीत लोह भरपूर, त्यामुळे ती आठशेला पक्की होते आणि बाराशेला वितळते. भांडं म्हणून निकामी. पण वितळलेली तपकिरी काच म्हणजेच तर झिलई. फुटक्या बरणीचा तुकडा शेजारी धरला. खांद्याचा तपकिरी आणि हा तपकिरी सख्खे भाऊ दिसतात. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, यात नवल नाही, लोहाच्या नैसर्गिक मातीच्या झिलया जगभर करत आले आहेत. त्यांना नवल नसेल.

चाचणीच्या पट्ट्या : नुसती माती, अर्धवट वितळलेली, मंद. ९० भाग माती १० भाग फ्रिट (वितळवून दळलेली काच), बरी. ८० ला २०, तुकड्यासारखी, ओघळही तसाच. फ्रिट शिशाविरहित घेतलं, डब्यावरचं दोनदा वाचून. शिशाची झिलई कमी तापमानाला सुंदर चकाकते, पण आंबट पदार्थ तिच्यातलं शिसं बाहेर काढतो. लोणच्याच्या भांड्यात ते म्हणजे रोज थोडंथोडं विष.

पट्ट्यांवर लिंबाची फोड दोन दिवस ठेवली. ८०:२० चा रंग हलला नाही. आतून मात्र मॅडमची नेहमीची पारदर्शक झिलईच लावणार, खांद्याला काकांची.

४ मे

बरणी २. झिलई, १२२०, वीस तास निवू दिली. उघडली तर देखणी. झाकण निघेना.

झाकण तोंडावर ठेवूनच भाजतात, म्हणजे दोन्ही एकत्र आकसून गोल राहतात. टेकतात तिथली झिलई पुसून, चिकटू नये म्हणून अ‍ॅल्युमिनाच्या पुडीचा हात द्यायचा असतो. पुसली होती, पण पायरीच्या आतल्या कोपऱ्यात एक थेंब राहिला. तेवढाच थेंब. लाकडी हातोडीने काठावर हलकेच टिचक्या दिल्या, एक, दोन, पाच. सहाव्याला झाकणाचा तुकडा उडाला.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "तू लहानपणी डब्याची झाकणं अशीच ठोकायचास."

७ मे

परशुराम गणपुले हे नाव आज मॅडमकडून ऐकलं. गुजरातेतला थानगढ-मोरबीकडचा चिनीमातीचा उद्योग, ज्याच्या फरशा आज देशभर लागतात, त्याच्या आरंभी हा मराठी माणूस होता. परशुराम पॉटरी हे नाव त्यांचंच. आम्ही बडोद्याचे मराठी लोक पेशवाई, गायकवाडी आणि नाटकांवर तासन् तास बोलतो. गणपुल्यांचं नाव मी सत्तरीच्या उंबऱ्यावर पहिल्यांदा ऐकतो. आमच्या मातीतली फायर क्ले, म्हणजे उष्णता सोसणारी माती, तीही थानकडचीच.

१८ मे

बरणी ३. पायरीचा कोपरा ओल्या स्पंजने, मग कानात घालायच्या काडीने, मग भिंगाखाली पुसला. खांदा काकांच्या झिलईच्या बादलीत उलटा बुडवला, तीन सेकंद. भट्टी बुधवारी.

२३ मे

उघडली. भट्टी नव्वदवर आली तेव्हाच उघडली, त्याच्या आधी हात लावला नाही, पोरी साक्षीला आहेत.

झाकण हाताने उचललं आणि उचललं गेलं. जरासं डुलतं. कार्बोरंडमची (घासायची) पूड आणि पाणी घालून पायरीवर अर्धा तास फिरवलं, आता डुलतं पण कमी. मापलं : ३.९ लिटर. उंचीला दोन मिलिमीटर कमी. त्याच भाजणीतली पट्टी उकळून तोलली, दीड टक्क्याच्या आत. भिंत काकांच्या टपल्यासारखी एकसारखी नाही, एका बाजूला ८, दुसऱ्या बाजूला ११. खांद्यावरचा तपकिरी एका जागी ओघळून पांढऱ्यात उतरलाय, तुकड्यावर आहे तसा. तो ओघळ मी ठरवून केला असं कुणी समजलं तर समजू द्यावं.

मिठाचं पाणी भरून ठेवली. प्रयोग क्रमांक २.

२ जून

दहा दिवस. बाहेरून कोरडी, लव नाही, खाली ठेवलेला कागद कोरडा.

काकांना दाखवायला नेली. त्यांनी मांडीवर घेतली, बोटाच्या पेराने चारी बाजूंनी थापटली. गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटून कच्चं मडकं कुठलं ते सांगितलं होतं, त्याची आठवण झाली आणि मी उगाच श्वास धरून बसलो. आवाज घंटेचा नाही, पण बद्दही नाही. काका काही बोलले नाहीत, बोट खांद्यावर आणून थांबवलं. मी सांगितलं, हा रंग तुमच्या मातीचा, बाराशेला वितळवून लावला.

"आ मारी माटी?"

त्यांनी ती उन्हात फिरवून पाहिली, मग शेजारच्या कुंभाराला हाक मारली. मग त्याच्या मुलाला. बरणी हातोहात फिरली आणि मी प्रत्येक हाताखाली माझा हात धरून उभा. शेवटी काका म्हणाले, भारी आहे, एवढी माती कशाला घातली, यात दोन झाल्या असत्या.

८ जून

खंडेराव मार्केटातून राजापुरी कैऱ्या, सहा किलो. निम्म्या सौ.च्या छुंद्याला, निम्म्या आईच्या लोणच्याला. बरणी दोन दिवस उन्हात वाळवली होती. आईने निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकला, बरणी वर उपडी धरायला लावली. धूर आत कोंडला, खिडकीपर्यंत हिंगाचा वास. मग फोडी, मीठ, हळद, मोहरीची डाळ, मेथी, तिखट, गार केलेली फोडणी. तेल बोटभर वर. झाकण, वर धुवट पांढऱ्या मलमलीचा दादरा. दादऱ्याची गाठ आईने मला मारू दिली नाही.

बरणी २ मध्ये, झाकण नसलेली, तुळस लावली. तळाला भोक पाडताना हिऱ्याची बिट लागली.

७ जुलै

काल आषाढी, उपास. म्हणून लोणचं आज बारशीला काढलं. महिनाभरात बरणी बाहेरून कोरडी, कागदाला डाग नाही. बाहेर पाऊस, ओट्यावरचं माटलं घामेजलेलं आणि पाणी कोमट.

आईने कोरड्या पळीने दोन फोडी काढल्या, एक स्वतःच्या पानात, एक माझ्या. चाखून थोडा वेळ थांबली.

"मीठ हात राखून पडलंय."

बरणीबद्दल अवाक्षर नाही. पण झाकण ठेवताना तिने ते थोडं उजवीकडे फिरवलं, जिथे ते डुलत नाही. ती जागा मला अजून सापडली नव्हती.